यंत्रासोबतची चिठ्ठी

चैत्र सरत आला की जळगावात सकाळ फार थोडी मिळते. उजेड घरात शिरणे आणि त्याचे ऊन होणे यांच्यामध्ये जेमतेम दीड तास उजेडाचा असतो, आणि नवलला त्या दीड तासाची ओढ होती. नशिराबादहून तो साडेसातलाच निघे, नवी पेठेतल्या जिन्याखालच्या दुकानाचे शटर अर्धेच उचली आणि आत स्टुलावर काही न करता बसून राही. अर्ध्या शटरखालून उजेड आत येई तो चपला बाहेर काढून आलेल्या पाहुण्यासारखा, अंग चोरून. आधी उंबऱ्याजवळच्या दोन फरश्या, मग स्टुलाचा एक पाय, मग टेबलाची कड. टेबलावरच्या हिरव्या रबरी चटईवर पोचेपर्यंत त्याचा रंग कढीसारखा फिका पिवळा होई. लोहचुंबकाच्या वाटीत आदल्या दिवशी काढलेले तिळाएवढे स्क्रू असत. पाळी लावल्यासारखा त्यांतला एकेक चमके आणि विझे. पंख्यांतून झाडलेली धूळ हवेत तरंगत असे, आणि काल ज्या धुळीला तो वैतागला होता तीच धूळ त्या घटकेला त्याला सुंदर वाटे. फळीवर ओळीने मांडलेले लोकांचे लॅपटॉप मिटल्या डोळ्यांनी पडलेले असत. त्यांच्या पाठींवरून सरकत सरकत उजेड सव्वानऊच्या सुमारास भिंतीवरच्या तारेपर्यंत चढे. त्या तारेत शेकड्यांनी जुन्या चिठ्ठ्या ओवलेल्या होत्या. उजेड त्यांच्या कडांवरून जाई तेव्हा त्या कागदांच्या मागे कुणी समई लावून ठेवली आहे असे वाटे. मग दुकानाचे मालक पुखराजशेठ येत, शटर खाडकन वर लोटत, आणि सकाळ संपे.

त्या चिठ्ठ्या शेठांच्या. म्हणजे नियम त्यांचा. अक्षरे नवलची आणि अखिलची. शेठांच्या वडिलांनी इथे रेडिओ दुरुस्त केले होते, तेव्हापासूनची ती रीत होती. यंत्र एका हातातून दुसऱ्या हातात गेले की त्यासोबत चिठ्ठी जायची: काय आढळले, काय केले, काय करू नये. ज्याच्या हाती यंत्र येई त्याने चिठ्ठी शेवटपर्यंत वाचायची, वाचली याची खूण म्हणून खाली आपल्या नावाचे पहिले अक्षर लिहायचे, आणि मगच स्क्रूला हात लावायचा. "वाचल्याबगर अक्षर नाही, अक्षराबगर हात नाही," असे शेठ म्हणत. नवल आणि अखिल पाच वर्षे या एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसले होते. तारेतल्या निम्म्या चिठ्ठ्यांखाली 'अ' होता, निम्म्यांखाली 'न'.

अखिल हा शेठांचा पुतण्या, पाचोऱ्याचा. तीन वर्षांपूर्वी त्याने धुळ्याला स्वतःचे दुकान काढले. नवलने त्या दिवशी पेढा खाल्ला, टेबलाची रिकामी बाजू पुसून काढली आणि मनातल्या मनात म्हटले, बरे झाले. पण अखिल गेला तो टेबलावरून. दुकानातून तो गेलाच नाही. एखादा लॅपटॉप हट्ट धरून बसला की शेठ गादीवरून म्हणत, "अखिल असता तर..." आणि पुढचे वाक्य जिन्यावरून वर जाणाऱ्या पावलांत विरून जाई. नवलला ते न ऐकताही पाठ होते.

दिपमालाचा लॅपटॉप हा तसाच एक हट्टी. ती पारोळ्याजवळच्या एका खेड्यातली. आधी धुळ्याला आणि यंदापासून जळगावात, एका महाविद्यालयात तासिकेवर मराठी शिकवत होती. लॅपटॉपला तिच्या आईने गोधडीच्या कापडाची पिशवी शिवली होती, निळ्या-लाल चौकटींची, आणि ती पिशवी टेबलावर ठेवली की दुकानाला घराचा वास येई. महिनाभरात ती चार वेळा आली होती. दर वेळी तक्रार एकच: पंखा ओरडतो आणि तापून लॅपटॉप बंद पडतो. नवलने तो उघडला, धूळ काढली, उष्णता ओढणारी पेस्ट बदलली, पुन्हा उघडला. त्या निमित्ताने ती स्टुलावर बसे आणि दोन वाक्ये जास्त बोले. त्या दोन वाक्यांवर नवलचा आठवडा जाई. हे त्याने कुणाला सांगितले नव्हते. सांगण्यासारखे त्याच्याकडे शब्द नव्हते, नुसती वाट पाहणे होते.

या खेपेस लॅपटॉप तीन दिवस त्याच्याकडे होता. "पंखाच बदलावा लागेल," असे त्याने सांगून ठेवले होते. सोमवारी ती आली ती हसतच.

"नवलभाऊ, पंखा मागवला तर नाही ना अजून?"

"आज मागवणार होतो."

"नका मागवू. शनिवारी धुळ्याला गेले होते, जुन्या कॉलेजात दाखला आणायला. तिथं अखिलला विचारलं. तो म्हणतो पंखा ठणठणीत आहे. बायोस जुना झालाय. नवा टाकला की पंखा आपोआप गप्प बसेल."

नवलने हातातला चिमटा खाली ठेवला. "लॅपटॉप तर इथं होता. न बघताच सांगितलं?"

"ऐकून सांगितलं. मी मोबाइलवर पंख्याचा आवाज घेऊन ठेवला होता ना, तो ऐकवला. त्यानं डोळे मिटले, दोनदा ऐकलं आणि म्हणाला, मॅडम, हा घसा खराब नाही, याला कुणी चुकीचं पढवलंय."

गादीवर पुखराजशेठ गदगदून हसले. "वैद्य आहे आमचा अखिल, वैद्य! नाडी धरायची बी गरज नाही त्याला. नवल, तू खोलून पाहिलं किती वेळा?"

"तीन," नवल म्हणाला.

"तीन वेळा पोट फाडलं, आणि दुखणं डोक्यात!"

दिपमालाही हसली, त्या हसण्यात काही वाईट नव्हते. नेमके तेच नवलला लागले. तिने पर्समधून घडी घातलेला कागद काढला. "आणि ही चिठ्ठी दिलीय तुमच्यासाठी. म्हणाला, नवल फोन उचलत नाही."

"कामात असतो मी."

"आखाजीच्या आत होईल ना? चार दिवस आहेत." मग तिचा आवाज जरा खाली आला. "आईची पहिली घागर आहे यंदा. तिची गाणी याच्यात आहेत, झोक्यावरची. मागच्या आखाजीला मोबाइलवर घेतलेली, मग तो मोबाइल बदलला. सगळ्या मावश्या येणारेत ऐकायला. आतलं काही जाणार नाही ना, नवलभाऊ? आधी दुसरीकडे काढून ठेवू का?"

तिची आई सुनंदाबाई पौषात गेली होती. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, आणि ज्या घरात वर्षभरात कुणी गेले असेल त्या घरी त्याच्या नावाची पाण्याची घागर भरतात. नवलला हे सांगावे लागत नव्हते.

"बायोसचा आणि गाण्यांचा काही संबंध नसतो," तो म्हणाला. "बायोस म्हणजे यंत्राची पहिली जाग. डोळा उघडायचा आणि आपले हातपाय जागेवर आहेत का ते पाहायचं, एवढंच त्याचं काम. गाणी डिस्कवर असतात. काढून ठेवायची गरज नाही. निश्चिंत जा."

"अखिलपण म्हणाला, नवलच्या हातात दिलंय तर काळजी नको."

ती गेली. गोधडीची पिशवी टेबलावरच राहिली.

नवल बराच वेळ त्या पिशवीकडे पाहत बसला. त्याच्या मनात एकच गोष्ट घोळत होती, आणि ती इतकी लहान होती की तिची त्यालाच लाज वाटावी. ती त्याला नवलभाऊ म्हणते. अखिलला अखिल म्हणते. या भागात भाऊ कुणालाही म्हणतात. रिक्षावाल्याला, शिपायाला, भाजीवाल्याला. आदराचाच शब्द तो. पण त्याला वाटे, की तो शब्द एक छोटे फाटक आहे, आणि ती ते त्याच्यापुढे दर वेळी हलकेच लावून घेते. अखिलसाठी फाटकच नव्हते. नुसते नाव, उघड्या अंगणासारखे.

त्याने चिठ्ठी उघडली. अखिलचे अक्षर तसेच होते, उजवीकडे झुकलेले, घाईत असूनही देखणे. वरची एक ओळ वाचून आपण घडी घातली, असे तो पुढचे चार दिवस स्वतःला सांगत राहिला. चिठ्ठी त्याने तारेत ओवली नाही. हिरव्या रबरी चटईखाली सरकवून दिली.

मग त्याने काम सुरू केले. लॅपटॉपच्या मॉडेलचा नवा बायोस उतरवला, पेनड्राइव्हवर घेतला, चार्जर लावला. पडद्यावर यंत्राने विचारले, पुढे जायचे का? नवलने बटण दाबले. पांढरी पट्टी मुंगीच्या चालीने भरू लागली. त्या सहा मिनिटांत कुणीही कशालाही हात लावायचा नसतो, दिवे गेले तर यंत्र जन्माचे मुके होते. म्हणून तो हात मांडीवर ठेवून बसला. दिवे गेले नाहीत. पट्टी भरली, पडदा काळा झाला, पुन्हा उजळला, आणि पंखा गप्प होता.

पहिल्यांदा नवलच्या छातीत जे आले ते समाधान नव्हते. अखिलचे खरे ठरले, एवढेच आले.

आणि मग निळा पडदा उभा राहिला. डिस्कला कुलूप आहे, असे त्यावर लिहिले होते. यंत्र सुरू होण्याच्या रीतीत बदल झालेला दिसतो. मालकाने किल्लीचा आकडा द्यावा. अठ्ठेचाळीस अंकी आकडा. खाली आठ रिकामे चौकोन.

नवीन लॅपटॉपांत हे कुलूप आपोआप लागलेले असते. मालकाला त्याचा पत्ताही नसतो. ज्या खात्यावर लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला त्या खात्यात किल्ली जाऊन बसते, आणि दिपमालाने हा लॅपटॉप घेतला होता अखिलच्या दुकानातून. बायोस बदलण्याआधी कुलूप सैल करून ठेवायचे असते, दोन मिनिटांचे काम. जळगावात हे ज्यांना ठाऊक होते त्यांत नवल एक होता.

एक फोन केला असता तर आकडा मिळाला असता. त्याने मोबाइल हातात घेतला. अखिलचे दोन न उचललेले फोन वरच दिसत होते. त्याने कल्पना करून पाहिली: अखिल हसेल, मोठ्या मनाने सांगेल, आणि संध्याकाळी शेठांना कळेल, उद्या तिला कळेल. त्याने मोबाइल पालथा ठेवला.

संध्याकाळी ती आली तेव्हा शेठ देवळात गेले होते. नवलने तिच्यापुढे पडदा फिरवला.

"काय व्हयनं?" ती म्हणाली. एरवी दुकानात ती शिकवण्याची मराठी बोले, आज घरची अहिराणी आली.

"अखिलनं सांगितलं तसं केलं. बायोस टाकला. आता आतलं उघडत नाही."

"बठ्ठं गयं का?"

सगळेच गेले का, या प्रश्नावर नवलने पडद्याची कड फडक्याने पुसली.

"मायना आवाज बी?"

"बघतो मी," तो म्हणाला. "पण अशा वेळी बहुतेक फॉरमॅट करावं लागतं. पुसून नव्यानं भरायचं. न बघता सल्ला दिला की असं होतं."

हे वाक्य त्याच्या तोंडून इतक्या सहज आले की तो स्वतःच दचकला. दिपमाला स्टुलावर बसली. तिने पिशवीच्या कडेचा एक धागा बोटाला गुंडाळला आणि सोडला, पुन्हा गुंडाळला.

"विचारू का त्याला?"

"विचारा. तो म्हणेल नवलनं बिघडवलं. दुसरं काय म्हणणार?"

"मला बोलायचंच नाही त्याच्याशी," ती म्हणाली. "आवाज ऐकून सांगतो म्हणे. वैद्य!"

ती जिना ओलांडून गेली तेव्हा नवलला आपल्या आत एक गोड, उबदार गोष्ट हलताना जाणवली. घरी जाईपर्यंत ती टिकली. नशिराबादच्या फाट्यावर उतरून तो चालू लागला आणि ती आंबली. आईने वाढलेली भाकरी त्याने अर्धी ठेवली. मत्सराचे हेच असते. हाती येईपर्यंत तो फळ दिसतो.

मंगळवार, बुधवार असेच गेले. सकाळी उजेड येई, स्क्रू चमकत, पण आता नवलचे लक्ष चटईच्या त्या एका कोपऱ्याकडे जाई, जिथे रबर कागदाच्या जाडीने उचललेले होते. शेठांनी एकदा विचारले, "त्या मॅडमचं काय झालं?" नवल म्हणाला, "चालू आहे." गुरुवारी दुपारी दिपमालाचा निरोप आला. ती गावी पोचली होती.

'नवलभाऊ, करून टाका फॉरमॅट. निदान शिकवायला तरी लागेल. मावश्यांना सांगितलं मी, गाणी नाहीत म्हणून. त्या म्हणाल्या, आम्हीच म्हणू, जशी येतील तशी. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, तुमचा काय दोष.'

नवलने तो निरोप दोनदा वाचला. मग पेनड्राइव्ह लावला. पडद्यावर यंत्राने विचारले, सगळे पुसायचे का? या खेपेसही एकच बटण होते. त्याचे बोट त्यावर टेकले आणि त्याला ऐकू आले ते त्याने कधीच न ऐकलेले गाणे. म्हणजे गाणे नव्हे, झोक्याच्या दोराचा फांदीवर होणारा करकर आवाज. नवलने बोट उचलले. त्याने लॅपटॉप बंद केला, गोधडीच्या पिशवीत घातला, चटईखालची चिठ्ठी काढून खिशात ठेवली. ती का घेतली हे त्याला सांगता आले नसते.

"शेठ, धुळ्याला जाऊन येतो."

"अखिलकडे?" शेठांनी चष्म्यावरून पाहिले. "जा. फार दिवस झाले."

एरंडोल गेले, पारोळा गेला. खिडकीबाहेर मोकळी, नांगरलेली काळी राने उन्हात निपचित पडली होती. नवल मनात वाक्ये जुळवत होता आणि मोडत होता.

अखिलचे दुकान मोठे होते, काचेच्या दाराचे. पण आत टेबलावर तीच हिरवी रबरी चटई होती, आणि भिंतीवर तार.

"या, या, जळगावकर!" अखिल टेबलामागून ओरडला. "वाट चुकलास का लग्नाला मुलगी पाहायला आलास? फोन उचलायला तुझी बोटं दुखतात, मग बस कशी पकडली रे?"

"काम होतं."

"कामाशिवाय तू तोंड दाखवशील होय!" त्याने स्टूल पुढे सरकवले, पाणी दिले, समोरच्या टपरीवर दोन बोटे दाखवून चहा सांगितला. मग पिशवी ओळखली. "अरे, हा तर मॅडमचा. झाला ना गप्प?"

"पंखा गप्प झाला." नवलने पडदा उघडून दाखवला.

अखिलने निळा पडदा पाहिला. मग नवलकडे पाहिले. हसू त्याच्या चेहऱ्यावरून हळूहळू उतरले. "कुलूप सैल केलं नव्हतंस?"

"राहून गेलं."

"चिठ्ठीत लिहिलं होतं की मी."

"चिठ्ठी वाचायची राहिली."

"तू?" अखिल म्हणाला. "चिठ्ठी न वाचता? तू?" नवलच्या कानांना बाहेरच्या गाड्यांचे भोंगे एकाएकी फार मोठे वाटू लागले. मग अखिलच म्हणाला, "राहते रे कधी कधी. काकांना नको सांगू, दोन दिवस जेवायचे नाहीत. घे, लिहून घे आकडा."

त्याने दुकानाच्या खात्यातून किल्ली काढली आणि वाचू लागला, सहा-सहा अंक, आठ वेळा. नवल लिहीत गेला. पूर्वी सुट्या भागांचे क्रमांक ते एकमेकांना असेच वाचून दाखवत. एक म्हणे, दुसरा लिही, आणि शेवटी लिहिणारा उलट वाचून दाखवी. नवलने उलट वाचून दाखवले. एकही अंक चुकला नव्हता. चौकोन भरले, पडदा क्षणभर अंधारला आणि दिपमालाचा लॅपटॉप उघडला. एका कोपऱ्यात पिवळी फाइल होती: आई, आखाजी.

"उघडू नको," अखिल म्हणाला. "त्यांचं त्यांना ऐकू दे." चहा आला होता. "मॅडमचा फोन लागत नाही रे चार दिवस. चिडल्यात का माझ्यावर?"

"गावी गेल्यात."

"मला वाटलं, परत तास बुडवला की काय मी." तो हसला. "तुला माहीत नाही? बाहेरून बी.ए. करतोय मी. त्या इथं होत्या तेव्हा रविवारी त्यांच्या वर्गात बसायचो, मागच्या बाकावर. मी डुलकी काढली की भर वर्गात ओरडायच्या, अखिल! सगळी पोरं हसायची. अजून तसंच हाक मारतात. मला तर अजून हजेरी द्यावीशी वाटते."

नवलने चहाचा पेला दोन्ही हातांत धरला. महिनाभर ज्या उघड्या अंगणाबाहेर तो उभा होता, ते अंगण एका वर्गातले होते, मागच्या बाकावरचे.

परतीच्या गाडीतून तो पारोळ्याला उतरला. फोन केल्यावर वीस मिनिटांत दिपमाला स्कूटीवरून आली, ओढणी तोंडाला बांधलेली, हाताला ओली माती. उद्याची घागर मांडायची जागा ती सारवत होती. बसस्थानकाच्या सिमेंटच्या बाकावर नवलने लॅपटॉप ठेवला आणि बाजूला सरकला.

तिने पिवळी फाइल उघडली. आधी वारा आला, मग दोराची करकर, मग कुणा बाईचे हसणे, आणि त्या हसण्यातून वर निघालेला एक जाडाभरडा, वय झालेला, न घाबरणारा आवाज:

झोका गया वर वर,
दिसनं माले मायनं घर...

बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलेली म्हातारी मान वळवून ऐकू लागली. दिपमालाने दोन्ही हात तोंडावर ठेवले होते. मातीचे बोट गालाला लागले होते. गाणे संपले तेव्हा मागे कुणीतरी "अजून म्हण ना, सुनंदाबाई" असे म्हणत होते, आणि तिथेच ते तुटले.

"कसं केलंत तुम्ही?" ती म्हणाली. "नवल, कसं केलंत?"

भाऊ नव्हते. नुसते नाव. ते तिच्या तोंडून इतक्या सहज गेले की तिला कळलेही नसावे. नवल ते ऐकत राहिला. महिनाभर, कदाचित त्याहूनही जास्त दिवस, तो या एका शब्दाची वाट पाहत होता, आणि आता तो आला होता तर तो घ्यायला त्याच्यापाशी मोकळा हात नव्हता.

"मी मनातल्या मनात काय काय बोलले अखिलला," ती डोळे पुसत म्हणाली. "त्यानं घालवलं आणि तुम्ही परत आणलंत. उद्या घागरीपुढे सांगणार आहे मी, नवलमुळे आईचा आवाज आला म्हणून."

धुळ्याची एक गाडी आली, माणसे उतरली, गाडी गेली. धूळ खाली बसेपर्यंत नवल काही बोलला नाही. चुपचाप राहणे त्याला नेहमीच जमत आले होते. लोक त्यालाच त्याचा चांगुलपणा समजत. आत्ताही एवढेच करायचे होते. उठायचे, जळगावची गाडी धरायची.

त्याने खिशातून चिठ्ठी काढली आणि तिच्या हातात दिली.

तिने घडी उलगडली आणि हळू आवाजात, वर्गात वाचावे तसे वाचले:

'नवल, हे काम तुझ्याकडेच राहू दे. माझ्यापेक्षा तुझा हात हलका आहे, हे मी मॅडमना सांगितलंय. फक्त बायोस टाकण्याआधी डिस्कचं कुलूप सैल कर, नाहीतर किल्ली मागेल. किल्ली माझ्या दुकानाच्या खात्यात आहे, आधी मला फोन कर. गाणी दुसरीकडे काढून घेतल्याशिवाय हात लावू नको, त्यांच्या आईची आहेत. अखिल.'

तिने कागद डोळ्यांजवळ नेला. "आणि हे खाली 'न' काय आहे? हे त्याचं अक्षर नाही."

ते त्याचे नव्हते. निळ्या शाईचे, लहान, सरळ, पाच वर्षे रोज आणि नंतर तीन वर्षे एकट्याने गिरवलेले ते अक्षर नवलचे होते. सोमवारी सकाळी, उजेड तारेपर्यंत चढून गेल्यावर, हाताने सवयीने काढलेले.

"आमच्या दुकानाची रीत आहे," नवल म्हणाला. "वाचल्याशिवाय ते काढत नाहीत."

बटण दाबण्याआधी त्याने चिठ्ठी वाचली होती, शेवटच्या ओळीपर्यंत.